अवगाहन आणि सहभाग

१

मराठी समीक्षेने आपली कितीतरी मूल्यवाचक विशेषणे पाण्याकडून आणि जमिनीकडून उसनी घेतली आहेत. चांगली कादंबरी 'सखोल' असते, सामान्य कविता 'उथळ' ठरते; थोर लेखकाच्या मनाचा 'थांग' लागत नाही, अभ्यासू वाचक ग्रंथाचे 'अवगाहन' करतो आणि अर्थाचे 'थर' एकामागून एक उलगडून दाखवितो. अवगाहन म्हणजे मुळात पाण्यात उतरणे. पण हे शब्द आता इतके गुळगुळीत झाले आहेत की, ती रूपके आहेत याचाच समीक्षकाला विसर पडतो. जितके खोल तितके जुने, जितके जुने तितके खरे, असा एक न तपासलेला विश्वास या शब्दांच्या आड दडलेला असतो.

गेल्या काही दशकांत कलेच्या क्षेत्रात असा एक प्रकार रूढ झाला आहे की, ज्याने ही विस्मृत रूपके पुन्हा शब्दशः घेतली. इंग्रजीवरून ज्याला 'परफॉर्मन्स आर्ट' म्हणतात तो हा प्रकार. त्याला प्रयोगकला म्हणता येईल. नाटकाप्रमाणे तिला पात्रे व कथानक लागत नाही; कलावंताचे शरीर, त्याची कृती आणि ती घडत असतानाचा काळ हीच तिची सामग्री. तिच्या सहभागी प्रकारात प्रेक्षकालाही आसनावरून उठविले जाते आणि त्याच्या कृतीवाचून कलाकृती पुरी होत नाही. अशा प्रयोगांपैकी काहींनी खोल समुद्र आणि भूगर्भ हे विषय निवडले आहेत, आणि तेथेच एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या माणसाच्या सुखदुःखात सहभागी होणे समजण्याजोगे आहे. परंतु ज्या ठिकाणी मानवी शरीराला प्रवेशच नाही, जेथील काळ मानवी आयुष्याच्या कोणत्याच मापात बसत नाही, तेथे 'सहभाग' या शब्दाला अर्थ काय उरतो?

२

हा प्रश्न तपासण्यासाठी बेंगळुरूसारखे दुसरे योग्य ठिकाण नाही, असे म्हटल्यास ते प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांपासून दूर वसलेले आहे. तरीही २०१९–२० साली येथील सायन्स गॅलरीने पाणी हा विषय घेऊन 'सबमर्ज' नावाचे प्रदर्शन भरविले. नावातच बुडण्याची क्रिया होती. विज्ञान आणि कला यांच्या सीमेवरील अशा उपक्रमांना या शहरात जो प्रतिसाद मिळतो, तो पाहता समुद्र नसलेल्या शहरालाच समुद्राचे आकर्षण अधिक असावे असे वाटते. परंतु बेंगळुरूची स्वतःची खोली पाण्याची नाही, दगडाची आहे.

हैदरअलीने १७६० साली ज्या लालबागेची उभारणी आरंभिली, तिच्यात गोलसर पाठीचा एक प्रचंड उघडा खडक आहे. त्याच्या माथ्यावर केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा लहानसा बुरूज आहे, आणि सकाळी फिरावयास येणारे शेकडो लोक त्या पाठीवरून चढतात-उतरतात. म्हैसूर संस्थानच्या भूशास्त्र खात्यातील स्मीथ यांनी १९१६ साली या जातीच्या खडकाला 'पेनिन्सुलर नाइस' हे नाव दिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हा खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केला आहे. त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानले जाते. भूपृष्ठाखाली कित्येक किलोमीटर खोलवर, उष्णता आणि दाब यांखाली तो घडला, आणि वरचे सारे आच्छादन झिजून गेल्यावर उघड्यावर आला. मराठी वाचकाला परिचित असलेला सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लालबागेच्या खडकापुढे तो अगदी कालपरवाचा ठरतो.

येथे समीक्षकाने लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. समुद्राचा तळ जुना असेल अशी सर्वसाधारण कल्पना असते. वस्तुस्थिती उलट आहे. महासागरांचा तळ सागरमध्य पर्वतरांगांपाशी सतत नवा घडत असतो आणि खंदकांपाशी पुन्हा पृथ्वीच्या पोटात गडप होत असतो. त्यामुळे आजच्या महासागरतळाचा बहुतेक सगळा खडक वीस कोटी वर्षांच्या आतला आहे. म्हणजे चार-पाच हजार मीटर पाण्याखालच्या अंधारात जो तळ आहे, त्याच्यापेक्षा बेंगळुरूच्या बागेत उन्हात पडलेला, मुले ज्यावरून घसरतात तो खडक पंधरापट वयस्क आहे. खोल ते प्राचीन हे समीकरण निसर्गात टिकत नाही. मग साहित्यात ते टिकते असे कोणी गृहीत धरावे काय? जे अगाध वाटते ते नुकतेच घडलेले असू शकते, आणि जे अतिप्राचीन आहे ते पायाखाली, रोजच्या रहदारीत असू शकते.

३

भूगर्भ व खोल समुद्र यांवरील सहभागी प्रयोगांची एक ठरीव रीत जगभर रूढ झाली आहे. अंधारी खोली, निळसर प्रकाश, तबकडीवरून येणारे देवमाशांचे स्वर. प्रेक्षकांनी जमिनीवर आडवे व्हावे, डोळे मिटावेत, आपण दगड आहो किंवा जलचर आहो अशी कल्पना करावी, असे त्यांना मृदू आवाजात सांगितले जाते. प्रयोग संपल्यावर अनेकांना शांत वाटते आणि आपण समुद्राशी एकरूप झालो होतो असे ते सांगतात.

या अनुभवाची टिंगल करण्याचे कारण नाही; थकलेल्या माणसाला शांतता लाभली तर ती काही वाईट गोष्ट नव्हे. परंतु त्या अनुभवाला समुद्राचा अनुभव म्हणणे हे असत्य आहे. एक हजार मीटरखाली सूर्याचा प्रकाश पोहोचत नाही. तेथे निळा रंग नाही, कोणताच रंग नाही, असलाच तर तेथील प्राण्यांनी स्वतःच्या देहातून निर्माण केलेला क्षणिक उजेड. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. चार हजार मीटरवर तो सुमारे चारशेपट होतो. ज्या जागी शरीर क्षणभरही तग धरू शकत नाही, त्या जागेचे वर्णन 'मऊ, शांत, आईच्या कुशीसारखी' असे करणे म्हणजे समुद्राच्या नावाखाली स्वतःच्याच बिछान्याचे वर्णन करणे होय. अशा प्रयोगात समुद्र हा विषय नसतो, तो निमित्त असतो. आणि हे निमित्तही प्रेक्षकाला स्वतःबद्दल बरे वाटावे एवढ्यासाठीच वापरलेले असते.

या दोषाचे निदान करण्यासाठी परकीय सिद्धान्तांकडे धाव घेण्याची गरज नाही. न. चिं. केळकर यांनी १९२१ सालच्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून जी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली, ती येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, पण स्वतःला विसरून नव्हे. आपण आपण आहोत ही जाणीव शिल्लक ठेवून तो दुसऱ्याचे जगणे जगतो, आणि वाङ्मयानंद या दुहेरी स्थितीतून उपजतो, असा तिचा आशय आहे. या कल्पनेवर पुढे पुष्कळ वाद झाले. ती सर्व कलाव्यवहाराचा उलगडा करू शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु सहभागी कलेला तिच्यातून एक कसोटी मिळते. प्रेक्षकाचे शरीर कृतीत उतरविताना त्याचा 'विकल्प', म्हणजे आपण कोण आहो आणि कोण नाही याचे भान, ती कृती जागे ठेवते की निजविते? वरील ठरीव रीतीत तो निजविला जातो. समाधी उरते, विकल्प जातो. आणि दगडाच्या बाबतीत विकल्प गेला की दगडच नाहीसा होतो, कारण दगडाचे सारे दगडपण तो माणूस नसण्यातच आहे.

४

उलट दिशेने जाणारी उदाहरणे शोधू गेल्यास पहिले बेंगळुरूतच सापडते, जरी ते पाहण्यासाठी लोकांना केरळच्या किनाऱ्यावर जावे लागले. १९५७ साली भद्रावतीत जन्मलेल्या आणि बेंगळुरूत राहून काम करणाऱ्या शीला गौडा यांनी क्रिस्टोफ स्टोर्झ या स्विस कलावंताच्या सहकार्याने २०१२ साली पहिल्या कोची-मुझिरिस द्वैवार्षिकीसाठी 'स्टॉपओव्हर' ही रचना केली. तिची सामग्री म्हणजे सुमारे १७० दगडी रगडे. दक्षिणेच्या घरोघरी इडली-दोशाचे पीठ वाटण्यासाठी स्वयंपाकघराच्या जमिनीत ग्रॅनाइटचा असा एक दगड बसविलेला असे. कन्नडमध्ये त्याला ओरळु कल्लु म्हणतात. विजेवर फिरणारी यंत्रे आली, घरे पाडून नवी बांधली गेली, आणि हे दगड रस्त्याच्या कडेला येऊन पडले. अन्न देणारी वस्तू म्हणून त्यांना फोडण्यास मन धजेना आणि घरात ठेवण्यास जागा उरली नाही. टाकून देता येत नाही आणि वापरताही येत नाही, अशा अवस्थेत अडकलेल्या या वस्तू समुद्राच्या कडेला, अॅस्पिनवॉल हाउस या जुन्या वखारीच्या धक्क्याकडे नेऊन मांडण्यात आल्या. पठारावरचा दगड समुद्राशी आला, पण समुद्रात गेला नाही. रचनेच्या नावाप्रमाणे तो वाटेतला मुक्काम होता.

ही रचना रूढ अर्थाने प्रयोगकला नाही. तेथे कोणी कलावंत काही करून दाखवीत नव्हता आणि प्रेक्षकाला काही करावयास सांगितले जात नव्हते. तथापि सहभागाचा प्रश्न तिने अधिक कठोरपणे विचारला. रगड्यातील खळगा पाहा. तो पाथरवटाने छिन्नीने कोरला, आणि पुढे पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत केला. एक हात वरचा दगड फिरवितो, दुसरा हात कडेला आलेले पीठ आत सारतो. ही क्रिया घरातल्या स्त्रीने आयुष्यभर रोज केली. सहभाग घडून गेलेला आहे, तो दगडावर नोंदला गेलेला आहे, आणि प्रेक्षक उशिरा पोहोचला आहे. त्याने काय करावे? आता रगडा फिरवून पाहणे हा खेळ होईल. नुसते पाहणे अपुरे वाटेल. हे अवघडलेपण ही या कलाकृतीची खरी देणगी होय. तीनशे कोटी वर्षांचे पठार आणि तीस-चाळीस वर्षांचे एक बाईमाणसाचे श्रम या दोन काळांची गाठ त्या खळग्यात पडते, आणि प्रेक्षकाला कळते की या दोहोंपैकी एकही काळ त्याचा नाही.

मराठी वाचकाला येथे जात्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्याला आज सहभागी कला म्हणून नव्याने मांडले जाते, त्याचा महाराष्ट्रातील सर्वांत विशाल आविष्कार जात्यावरची ओवी हाच आहे. तेथे प्रेक्षक नाही. गाणारी आणि दळणारी एकच. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्यांचा जो संग्रह केला, त्यावरून या अनाम कलाव्यवहाराचा विस्तार ध्यानात येतो. ओवीचा विषय बहुधा दगड नसतो. भाऊ, माहेर, सासर, पंढरी, मूल, कष्ट हे तिचे विषय. परंतु तिचा ठेका दगडाच्या फेऱ्याने ठरतो. जाते जड चालले की चरण लांबतो, हाताला दम लागला की शब्द थांबतो. तेथे दगड उपमान नाही, जोडीदार आहे. म्हणूनच ओवी कागदावर उतरली, आणि त्यापुढे दुसऱ्या भाषेत गेली, की शब्द बहुतांशी सुखरूप पोहोचतात. वजन तेवढे मागे राहते. अनुवादाची ही हानी भरून काढण्याची कोणतीही युक्ती नाही. पण ती हानी झाली आहे एवढे अनुवादाने दाखवून द्यावे, ही अपेक्षा रास्त आहे. 'स्टॉपओव्हर'ने नेमके हेच केले: वजन आणून ठेवले आणि आवाज आता नाही हे ऐकू येऊ दिले.

५

त्याच अॅस्पिनवॉल हाउसमध्ये चार वर्षांनी एक कवी समुद्र आत घेऊन आला. २०१६ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या आणि सुदर्शन शेट्टी यांनी संयोजन केलेल्या तिसऱ्या द्वैवार्षिकीत चिलीचे कवी राउल सुरिता यांची 'सी ऑफ पेन' ही रचना होती. सुरितांची कविता आरंभापासून कागदाबाहेर पडू पाहणारी. १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्यांना पकडून एका जहाजावर कोंडण्यात आले होते. त्या राजवटीने मारलेल्या अनेकांची शवे समुद्रात टाकली. १९८२ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या आकाशात विमानांच्या धुराने कविता लिहविली, आणि १९९३ साली अताकामाच्या वाळवंटात सुमारे तीन किलोमीटर लांबीची एक ओळ जमिनीत खोदविली, जी केवळ उंचावरूनच वाचता येते. भूमी हा ज्याचा कागद झाला अशा कवीने कोचीत एका लांबट दालनात समुद्राचे पाणी भरले. वाचकाने अनवाणी त्या पाण्यातून चालत जावे, भिंतींवरचे प्रश्न वाचीत पलीकडच्या टोकाला पोहोचावे. तेथे कविता आहे. ती गालिप कुर्दी या पाच वर्षांच्या मुलासाठी आहे. २०१५ साली भूमध्य समुद्रात नाव उलटून बुडालेल्या आयलान कुर्दीचे किनाऱ्यावरचे छायाचित्र जगभर पोहोचले; त्याच समुद्रात गेलेल्या त्याच्या थोरल्या भावाचे तसे छायाचित्र जगाने पाहिले नाही.

या रचनेचे यश तिच्या पाण्याच्या उथळपणात आहे. पाणी पायांपुरतेच येते. कोणी बुडणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असते. बुडण्याचा आभास निर्माण करणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नव्हते; कवीने तो मोह टाळला. चालणाऱ्याचे कपडे ओले होतात, पाऊल जपून टाकावे लागते, वाचन मंदावते. आणि प्रत्येक पावलागणिक जाणवते की हे पाणी 'ते' पाणी नव्हे. घोट्यापासून गळ्यापर्यंतचे जे अंतर कोचीत कोणालाही कापावे लागले नाही, ते त्या मुलाला कापावे लागले. कवितेचा अर्थ त्या अंतरात आहे. विकल्प जागा ठेवून शरीराने केलेली ही समाधी होय. शिवाय, वाचकाकडून जी कृती मागितली गेली ती वाचनाचीच होती. कविता वाचण्यासाठी काही किंमत मोजावी लागते आणि वाचून झाल्यावर त्याच पाण्यातून परत यावे लागते, एवढे साधे सत्य सहभागी कलेने साहित्याला येथे परत केले.

त्याच द्वैवार्षिकीत जोन जोनास या अमेरिकन कलावतीने, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, समुद्रावरील आपला व्याख्यानवजा प्रयोग प्रथम सादर केला; पुढे 'मूव्हिंग ऑफ द लँड' या नावाने तो लंडन व व्हेनिस येथेही वाढत गेला. मत्स्यालयांत चित्रित केलेली दृश्ये मागे चालू असतात, कलावती त्यांच्यासमोर उभी राहून मासे रेखाटते, उतारे वाचते, आणि चित्रांचा प्रकाश तिच्या वस्त्रांवर पडतो. प्रेक्षक बसूनच असतो. सुरितांच्या तुलनेत ही रचना सैल आहे. वाचलेले उतारे आणि रेखाटने यांचा सांधा प्रत्येक ठिकाणी जुळतोच असे नाही, आणि कुतूहलाचे रूपांतर प्रसंगी केवळ कौतुकात होते. परंतु एका बाबतीत ती प्रामाणिक आहे. माणसाला समुद्र काचेतून दिसतो, आणि हाताने त्याची रेघ काढेपर्यंत मासा निघून गेलेला असतो, हे ती लपवीत नाही.

६

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. माणसाने दगड व समुद्र यांपासून अंतर राखावे, आपले परकेपण ओळखून थांबावे, हा उपदेश कलेला शोभत असला तरी काळाला परवडणारा आहे काय? लोकांच्या मनात समुद्राविषयी आपलेपणा निर्माण झाला नाही तर त्याच्या रक्षणासाठी कोण उभे राहील? निळ्या खोलीतील खोटे तादात्म्य खऱ्या उदासीनतेहून बरे नव्हे काय?

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहिलेला नाही. हिंदी महासागराच्या मध्यवर्ती खोऱ्यात, सुमारे पाच हजार मीटर खोलीवर, मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे गोळे तळावर विखुरलेले आहेत. दहा लाख वर्षांत ते काही मिलिमीटर इतक्या गतीने वाढतात. त्यांच्या शोधासाठी भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २००२ साली करार केला आणि त्यानुसार ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र त्याच्याकडे आले. ज्या धातूंची विजेच्या नव्या यंत्रांना गरज आहे ते हेच. तात्पर्य, खोल समुद्रात बेंगळुरूचा नागरिक आज ना उद्या सहभागी होणारच आहे. त्यासाठी त्याला कोणत्याही कलावंताच्या निमंत्रणाची आवश्यकता नाही. तो सहभाग डोळे मिटून, आडवे पडून घडणार नाही. तो खरेदीतून आणि वापरातून, न कळत घडेल.

म्हणूनच वरील आक्षेपाचे उत्तर उलट दिशेने द्यावे लागते. ज्याच्याशी आपण एकरूप आहो असे वाटते, त्याच्यावर घाव घालताना हात थांबतोच असा अनुभव नाही. स्वतःच्या देहाची आणि घराची माणूस किती हेळसांड करतो हे जगजाहीर आहे. हात थांबतो तो परक्याच्या दारात. आपली नसलेली, आपल्यावाचून ३०० कोटी वर्षे असलेली आणि आपल्या स्पर्शाची खूण मात्र काही दशकांत धारण करणारी वस्तू समोर आली, म्हणजे मर्यादेची जाणीव होते. आणि मर्यादेच्या जाणिवेतून निर्माण होणारा आदर हा आपलेपणाहून अधिक टिकाऊ असतो. सहभागी कलेने हा आदर शिकविला तर ती आपले काम करते. तिने त्याऐवजी समाधान वाटले, तर तिचा आणि तिच्या विषयाचा संबंध संपला असे समजावे.

समीक्षेलाही यातून आपल्या शब्दांची झाडाझडती घेता येईल. कृतीला 'सखोल' म्हणण्यापूर्वी तिची खोली कशाने मोजली हे सांगितले पाहिजे. 'अवगाहन' केले असे म्हणणाऱ्याने पाणी कोठवर आले होते हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. बहुतेक वेळा ते घोट्यापर्यंतच आलेले असते. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभे राहून जो पुढच्या पाण्याकडे पाहतो आणि तेथे आपण नाही हे जाणतो, त्याचे वाचन विश्वसनीय असते. लालबागेच्या खडकावर रोज सकाळी चढणारा माणूस माथ्यावर क्षणभर थांबतो, श्वास सावरतो आणि उतरू लागतो. खडकाला त्याचे येणेजाणे ठाऊक नसते. एवढे जरी त्याच्या ध्यानात आले, तरी पुष्कळ झाले.